वावळ्याचे लाकूड : गुण, दोष आणि उपयोग

(मलाजखंड, जिल्हा बालाघाट येथे ग्रामस्थ, सुतार, शिक्षक आणि वन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोंदियाहून बालाघाट, बालाघाटहून घाट चढून बैहर आणि तेथून मलाजखंड असा प्रवास करताना राज्याची सीमा केव्हा ओलांडली हे झाडांवरून कळत नाही. झाडांच्या नावांवरून मात्र कळते. आमच्याकडे ज्याला ऐन किंवा येन म्हणतात त्याला आपण साजा म्हणता. आम्ही ज्याला वावळा म्हणतो तो आपला चिरोल. १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होते, तेव्हा या दोन्ही नावांची कचेऱ्यांतून सरमिसळ होत असे. आज मी ज्या झाडाविषयी बोलणार आहे ते हेच होय. संस्कृतात त्याला चिरबिल्व असे नाव आहे. हिंदी भाषिक प्रदेशात कोठे चिलबिल, कोठे कांजू, कोठे पापडी म्हणतात. शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया. लाकडाच्या व्यापारात आणि इंग्रजी पुस्तकांत मात्र ते ‘इंडियन एल्म’, म्हणजे भारतीय एल्म, या नावाने ओळखले जाते. या शेवटच्या नावाने काही घोटाळे झालेले आहेत. त्यांपैकी एक माझ्या हातून झालेला आहे. तो पुढे सांगेन.

प्रथम ओळख पटवून घेऊ. साल राखी रंगाची, जुन्या झाडावर खपल्या निघणारी. पाने चोळली असता उग्र, नकोसा वास येतो. गुराख्यांच्या मुलांना ही खूण पुरेशी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस, पाने झडलेली असताना, हिरवट बारीक फुले येतात. उन्हाळ्यात झाडावर गोल, चपटी, कागदासारखी पापडी लटकते आणि वाऱ्याबरोबर दूरवर उडते. या पापडीच्या मध्यावर असलेले बी मुले सोलून खातात, माकडेही खातात. दाट सालवनात हे झाड फारसे दिसत नाही. मिश्र पानझडी जंगलात, नाल्याकाठी, गावाच्या शिवेवर आणि शेताच्या बांधावर ते आढळते. म्हणजेच ते आपल्या हाताशी असलेले झाड आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी बोलणे अगत्याचे वाटते.

चिरोलाचे लाकूड कशाच्या उपयोगाचे, असे या भागात कोणालाही विचारले तर ‘सरपणाच्या’ असे उत्तर येते. या उत्तरामुळे दोन नुकसाने होतात. बांधावरचे चांगल्या जाडीचे खोड चुलीत जाते. आणि घरात एक पेटी किंवा खाट करायची झाली तरी मनुष्य सागवान किंवा बिजाच शोधू लागतो. ते परवडत नाही म्हणून एक तर वस्तू होत नाही, किंवा ती जंगलातून चोरून आणलेल्या लाकडाची होते. उपस्थित वन कर्मचाऱ्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता माझा घोटाळा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात लाकडाविषयीची इंग्रजी पुस्तके मी मोठ्या श्रद्धेने वाचत असे. त्यांत एल्मची फार थोरवी सांगितलेली आहे. सतत पाण्यात राहिले तर एल्म शतकानुशतके टिकते. लंडनचा जुना दगडी पूल तेराव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला आणि एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. त्याच्या पायाखाली एल्मचे खांब रोवलेले होते. त्याच शहरात पूर्वी पाणी वाहून नेण्याचे नळ म्हणजे आतून कोरलेले एल्मचे ओंडके असत. हे वाचून मी एका शेतकऱ्यास विहिरीच्या आतील कठड्यावर पंप बसविण्यासाठी वावळ्याची चौकट करण्याचा सल्ला दिला. गावच्या सुताराने मान हलवली, पण साहेबांपुढे तो काही बोलला नाही. दोन पावसाळ्यांत चौकट कुजली. पंप विहिरीत पडला नाही एवढेच नशीब. शेतकऱ्याने मला बोल लावला नाही. सुताराला आधी विचारायला हवे होते, एवढेच तो म्हणाला.

चूक नावाची होती. युरोपातील एल्म हे उल्मस या प्रजातीचे. आपला वावळा त्याच कुळातला, पण वेगळ्या प्रजातीचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले तेव्हा त्यालाही उल्मसच म्हटले होते. पुढे प्लांशाँ या शास्त्रज्ञाने त्यास वेगळ्या प्रजातीत घातले. शास्त्राने चूक दुरुस्त केली, पण व्यापारातले नाव तसेच राहिले. चुलतभाऊ असला तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा. शिवाय, माझ्या लक्षात आले नव्हते की कायम पाण्यात बुडालेले लाकूड आणि कधी ओले कधी कोरडे राहणारे लाकूड यांत फार अंतर आहे. पाण्याखाली हवा नसते, म्हणून बुरशी वाढत नाही. विहिरीच्या कठड्यावर पाणीही असते आणि हवाही. अशा जागी युरोपातले एल्मसुद्धा टिकले नसते.

आता लाकडाकडे वळू. हा ओंडका आपल्यापुढे ठेवला आहे. त्याचा छेद पाहावा. सागवानात बाहेरचे फिकट रसकाष्ठ आणि आतला तांबूस-तपकिरी गाभा, म्हणजे मध्यकाष्ठ, असा स्पष्ट भेद दिसतो. येथे तो नाही. सालीपासून केंद्रापर्यंत एकच पिवळट, किंचित राखी छटा आहे. वावळ्याचे बहुतेक सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबतो.

झाड जिवंत असताना रसकाष्ठातून पाणी वर जाते आणि त्याच्या पेशींत पिष्ठ साठवले जाते. सागवान, साल, बिजा यांसारख्या झाडांत जुन्या पेशी निकामी होताना त्यांत कडू, रंगीत द्रव्ये भरली जातात, तोच गाभा. ती द्रव्ये बुरशीला आणि किड्याला मारक असतात. वावळ्यात असा संरक्षक गाभा तयार होत नाही. म्हणजे संपूर्ण खोड किड्याच्या दृष्टीने शिजवून वाढलेले जेवण आहे. तोडल्यावर ओलावा असेपर्यंत बुरशी येते आणि पिवळ्या लाकडावर निळसर-काळे डाग पडतात. ओलावा गेल्यावर घूण येतो, पिष्ठ खातो आणि लाकडाचे पीठ पाडतो. जमिनीला टेकलेल्या बाजूस वाळवी असतेच. होळीच्या आसपास तोडलेला ओंडका पावसाळाभर अंगणात पडून राहिला, दिवाळीला आरा मशीनवर नेला, आणि फळ्या काळ्या व पोकळ निघाल्या, की लोक म्हणतात चिरोल वाईट. त्या ओंडक्याचे सात-आठ महिने कसे गेले हे कोणी विचारीत नाही.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. ज्या लाकडात बुरशी सहज शिरते त्यात औषधही सहज शिरते. सागाचा गाभा औषध शोषून घेत नाही. वावळा स्पंजाप्रमाणे घेतो. आणि सबंध खोड एकसारखे असल्यामुळे सागाप्रमाणे पांढरा भाग काढून टाकावा लागत नाही.

दुसरा गुण नसेचा. या लाकडाचे तंतू सरळ उभे जात नाहीत. एका थरात थोडे उजवीकडे तर पुढच्या थरात थोडे डावीकडे कलतात. एकमेकांत गुंतलेली ही नस युरोपातील एल्मचेही वैशिष्ट्य आहे, आणि येथे मात्र दोन्ही भाऊ सारखे निघतात. विलायतेतील गाडीवाले चाकाचा तुंबा एल्मचाच करीत, कारण सभोवार आऱ्यांसाठी भोके पाडली तरी तो फुटत नसे. खुर्चीची बैठकही एल्मची करीत. पायांसाठी काठाजवळ छिद्रे घेतली तरी ती चिरत नसे. आपल्या सुतारालाही वावळ्यात खिळा ठोकताना हा अनुभव येतो. मात्र याची किंमत रंधा मारताना द्यावी लागते. एका दिशेने गुळगुळीत झालेला पट्टा शेजारी खरखरीत उठतो. रंध्याचे पाते ताजे घासलेले असावे, छिलका अगदी पातळ काढावा आणि शेवटचा हात पॉलिश कागदाचा असावा. घाई करणाऱ्या कारागिराचे हे लाकूड नव्हे.

वजनाविषयी बोलायचे तर हवेत वाळलेले वावळ्याचे लाकूड घनमीटरला सुमारे ६०० किलो भरते. सागवान साधारण ६५० आणि आपला साल ८०० च्या पुढे. म्हणजे वावळा वजनाने सागाच्या जवळचा आहे, टिकाऊपणाने नाही. तुळई, दाराची बाहेरची चौकट, कुंपणाचा खांब यांसाठी त्याचा विचार करू नये. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धामण आहे, तीच बरी.

आता करावयाचे काय ते सांगतो. तोड थंडीत, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास करावी. त्या दिवसांत हवा कोरडी व थंड असते, बुरशी आणि किडे मंद असतात, आणि पावसाळ्यापूर्वी वाळवण्यास पुरेसा अवधी मिळतो. तोडीपूर्वी जमीन कोणाची, परवानगी कोणती, वाहतूक परवाना लागतो किंवा नाही, याची चौकशी तलाठी, म्हणजे आपले पटवारी, आणि वनरक्षक यांच्याकडे करावी; झाड आपल्या बांधावर आहे एवढ्याने काम भागत नाही. तोडल्याबरोबर साल काढावी. सालीखाली किडे अंडी घालतात. टोकांना डांबर किंवा जुना तैलरंग लावावा, नाहीतर टोके लवकर वाळून चिरतात. आणि शक्य तर त्याच आठवड्यात ओंडका कापून घ्यावा.

फळ्या कापल्याबरोबर औषधात बुडवाव्यात. घरातील सामानासाठी टाकणखार आणि बोरिक ऍसिड पुरेसे आहे : १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ऍसिड. पाणी कोमट असले तर ते लवकर विरघळते. पत्र्याच्या लांब कुंडात किंवा खड्ड्यात प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून फळ्या रात्रभर बुडवाव्यात. याने घुणाला आळा बसतो. पण हे औषध पाण्याने धुऊन जाते, म्हणून अशी फळी उघड्यावर वापरू नये. आणि काठवट, पोळपाट अशा खाण्याच्या वस्तूंना औषध लावलेले लाकूड मुळीच घेऊ नये. कुंड मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

यानंतर थप्पी. जमिनीपासून हातभर उंच विटांचे किंवा दगडांचे पाये, त्यांवर फळ्यांचा पहिला थर, त्यावर एकसारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्या, मग दुसरा थर. पट्ट्या एकीवर एक, अगदी ओळंब्यात याव्यात. त्या मागेपुढे झाल्या तर फळ्या वाकतात. वर दगडांचे वजन ठेवावे. छप्पर असावे, भिंती नसाव्यात. ऊन नको, वारा हवा. इंचभर जाडीच्या फळ्या अशा रीतीने तीन-चार महिन्यांत कामाजोग्या वाळतात. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की सुताराच्या हाती द्यावे. भट्टीची सोय असेल तर रंग अधिक स्वच्छ राहतो. या विषयीचे भारतीय मानक वाळवणीसाठी आयएस ११४१ आणि औषधोपचारासाठी आयएस ४०१ हे आहेत. कार्यालयांनी शाळांचे बाक किंवा कपाटे करवून घेताना निविदेत त्यांचा उल्लेख करावा. केवळ ‘चांगले वाळलेले लाकूड’ असे लिहिल्यास ठेकेदार काय देतो हे आपण जाणताच.

मलाजखंड येथे बोलत असताना तांब्याचा उल्लेख केला नाही तर ते योग्य होणार नाही. १९८२ पासून येथील डोंगरातून तांब्याचे खनिज निघत आहे. मोरचूद हे तांब्याचेच क्षार, आणि बुरशीला ते विष आहे. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांपासून असे औषध शोधून काढले, जे लाकडात एकदा बसले की पाण्याने सहज निघत नाही. पुढे ते जगभर विजेच्या व तारेच्या खांबांसाठी वापरले गेले. परंतु त्यात आर्सेनिक आहे, ते दाबाच्या यंत्रानेच भरावे लागते, आणि घरगुती वापरातून अनेक देशांनी आता ते काढून टाकले आहे. सांगायचे कारण एवढेच, की मोरचूद विकत आणून घरच्या हौदात असे प्रयोग कोणी करू नयेत.

मग या लाकडाचे होते काय? याची यादी अनेकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. सूत गिरण्यांच्या बॉबिन, ब्रशांच्या पाठी, फण्या, आगपेट्या, मालाची खोकी, प्लायवूड. या सर्वांसाठी वावळा वापरला गेला आहे. फणी आणि ब्रश यांना न चिरणारे, मध्यम पोताचे लाकूड हवे असते. गावपातळीवर बैलगाडीच्या तळाच्या व बाजूच्या फळ्या, खाट, पेटी, फडताळ, शाळेचे बाक, फळ्याची चौकट, खेळणी आणि कोरीव काम एवढे तर सहज होते. एका खेड्यात वावळ्याचे कपाट मी पाहिले. त्याच्या पिवळ्या रंगावर नुसते तेल चोळले होते, आणि सागवानाचा भास निर्माण करण्यासाठी ते रंगवलेले नव्हते, हे मला विशेष आवडले.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग. ताज्या वावळ्याचा ३ × ३ × १५ सेंटिमीटरचा ठोकळा कापून घ्यावा आणि वजन करावे. समजा ते १२० ग्रॅम भरले. प्रयोगशाळेतील शुष्कन पेटीत सुमारे १०३ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत तो वाळवावा. समजा ७५ ग्रॅम उरले. गेलेले पाणी ४५ ग्रॅम; त्यास कोरड्या वजनाने भागले असता ओलावा ६० टक्के येतो. मुलांना टक्केवारी शिकवण्यास याहून चांगले उदाहरण नाही, कारण ते बसलेले बाक वाकडे का झाले याचे उत्तर त्यातच आहे. जोडीला ठोकळ्याची रुंदी व जाडी आधी आणि नंतर मोजावी. वर्तुळांच्या दिशेने लाकूड केंद्राकडच्या दिशेपेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट आकसते. फळी पन्हळीसारखी वळते ती यामुळेच.

शाळेच्या आवारात हे झाड लावण्याविषयी मात्र एक सूचना. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याचे पराग हवेत फार पसरतात आणि काहींना त्याने शिंका व दमा होतो; उत्तर भारतात हे पराग त्रासदायक म्हणून ओळखले जातात. वर्गाच्या खिडकीशी लावू नये, आवाराच्या कडेला लावावे. झाडाची साल औषधी आहे, मूळव्याधीच्या काढ्यात ती पडते. पण खोडाभोवती सबंध कडे सोलून नेले तर झाड उभ्याउभ्या मरते.

सालीचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. युरोपातील एल्म आज त्यांच्या लाकडापेक्षा रोगामुळे अधिक चर्चेत आहेत. ज्या बुरशीने तो रोग होतो ती सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिचा अधिक घातक प्रकार उत्तर अमेरिकेतून साल न काढलेल्या ओंडक्यांबरोबर इंग्लंडात आला आणि अडीच कोटींहून अधिक झाडे मेली. प्रतिकारक्षम जाती तयार करण्यासाठी हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी हिमालयातील एल्म घेतले. आणि चाऱ्यासाठी होणाऱ्या छाटणीमुळे ते हिमालयीन झाडच आज धोक्यात आलेले आहे. बैहर भागातील मंडळींना किड्याचा प्रताप नव्याने सांगायला नको. १९९७-९८ च्या सुमारास सालच्या भुंग्याने येथील जंगलांची जी दशा केली ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे. ओंडके ठेचून त्यांच्या रसावर भुंगे गोळा करण्याचे काम आपल्यापैकी कित्येकांनी केले असेल. वावळ्यावर तसे संकट आलेले नाही. साल न काढता ओंडके एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नयेत, हे म्हणणे त्यामुळे कमी खरे ठरत नाही.

शेवटी बियांविषयी. पापडी वैशाखाच्या आसपास पिकते. ती जमिनीवरून झाडून घेण्याऐवजी झाडावरून काढावी, एक-दोन दिवस सावलीत पसरावी आणि त्याच उन्हाळ्यात वाफ्यात पेरावी. वर्षभर डब्यात ठेवलेले बी बहुधा उगवत नाही. माती हलकी, पाणी बेताचे. समोरचा ओंडका आज दुपारी येथेच कापला जाईल. सुतार मंडळींनी आपापले रंधे आणले आहेत. ज्यांना नस पाहावयाची असेल त्यांनी थांबावे.